काचेआडची रोपं

शनिवार-रविवार दुबईजवळच्या वाळवंटातली ग्रीनहाऊस शेती बघून मंदार आपल्या फ्लॅटवर परतला आणि जेवताना वडिलांना फोनमधले फोटो दाखवू लागला. "बाबा, काचेच्या आत वारा नसतो ना, म्हणून तिथे एक माणूस रोज प्रत्येक रोपावरून हात फिरवतो. नाहीतर पाणी, खत, एसी सगळं देऊनही रोपं लेचीपेचीच राहतात."

बायको गेल्यापासून मुलाकडे राहणारे शामकांत त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिले. मग आतून खोबरेल तेलाची बाटली आणून त्यांनी मंदारपुढे ठेवली. "जरा डोक्याला तेल लावून देतोस?"



"अहो बाबा, केस कुठे उरलेत तुमच्या डोक्यावर?" मंदार हसला आणि पुढचा फोटो दाखवू लागला.