भोंग्याची वाट

वाघाचा इशारा देणारा भोंगा वाजलाच नाही आणि धान कापताना बायनाबाई वाघाच्या तोंडी गेली. तिचा मुलगा धनराज जमाव घेऊन यंत्रणा सांभाळणाऱ्या राजदीपच्या खोलीत घुसला. पहिल्याच काठीने राजदीपचं डोकं फुटलं.

"मारा भाऊ, पण कंप्युटरातली एवढी ओळ बदलू द्या. जंगलातल्या कॅमेऱ्याचे इशारे पुढं पाठवणारा प्रॉक्सी सर्व्हर ते बंद पडलेल्या जुन्या कंटेनरले, म्हंजे भोंगा वाजवणाऱ्या जुन्या प्रोग्रामले, धाडून राह्यला. वाघ अजून फिरूनच राह्यला ना!"

रक्ताळल्या बोटांनी त्याने आधी शेजारच्या गावाच्या ओळीत नव्या कंटेनरचा पत्ता टाकला.

थोड्याच वेळात धनराजला त्या गावातून बहिणीचा फोन आला. "दादा, भोंगा आयकून आमी साऱ्या बाया पळालो. वाघ वावराच्या धुऱ्यावरच होता."

मागून कोणीतरी पुन्हा काठी उगारली. धनराजने ती स्वतःच्या हातावर झेलली.

"थांबा. बाकी गावाचे भोंगे लावाचे हायेत त्याले."