नाथाची उल्का

मोकल सरांनी काळा दगड एका सुट्या फरशीच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासला, भिंगातून पाहिला आणि हातोडीचा एक ठोका दिला. नाथाच्या काळजात चर्र झालं. पेणच्या खाडीकाठून रोह्याजवळच्या वरसे गावापर्यंत, सरांच्या घरी, तो दगड त्याने एसटीतून मांडीवर आणला होता. तान्ह्या पोरालाही कुणी इतकं जपत नाही.

"लोहचुंबक चिकटतंय सर. जड पन हाय. आन आभालातून आग खाडीकडं पडताना मी सोता बघितलीय."

नाथाला आकाशाचं भारी वेड. भात पायाखाली आणि नजर कायम वर.

सर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी फुटलेला तुकडा त्याच्यापुढे धरला. आत घावनासारखी जाळी पडली होती.

"उल्केच्या दगडाला अशी जाळी नसते, नाथा. हा कारखान्याच्या भट्टीतला मळ. लोखंड वितळवलं की उरतो तो." सर हसले. "वाईट वाटून घेऊ नकोस. बहुतेक जण हेच घेऊन येतात."

नाथाला वाईट वाटलंच. गावाला काय सांगणार? बांधाच्या आतलं भात यंदा उभंच्या उभं करपलं होतं. बांध फुटला नव्हता, कुठे खांड पडली नव्हती, मग खाडीचं खारं पाणी शिरलं कुठून? बायका म्हणाल्या, आभाळातून पडलेल्या देवाचा कोप. लगेच दगडाला हळदकुंकू लागलं.

"सापडला कुठे हा?" सरांनी विचारलं.

"बांधाच्या पायथ्याला."

"आणखी आहेत असे?"

"हायत की! पावसानं बांधावरची माती धुतली ना, तिथं तर..."

नाथा बोलता बोलता थांबला.

पूर्वी बांध गावच घालायचं. घरटी एक माणूस, खाडीचा चिखल पायांनी तुडवून तुडवून. गेल्या साली सरकारी काम निघालं आणि ठेकेदार प्रविणशेठ आला. आता कुणी चिखलात उतरायचं नाही, बसून खा, म्हणाला. गावानेही हार घालून त्याचा सत्कार केला.

नाथाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वरून मातीचा लेप आन खाली कारखान्याचा कचरा! चिखल पानी अडवतो, सर. ह्या दगडांच्या फटींतून भरती आत येनार नाय तर काय! मेल्यानं आमचं भात जाललं, आन आमी आभालाला बोल लावतोय!"

"शांत हो. तक्रार कर रीतसर. दगड राहू दे इथे."

"नाय सर. उद्या बांधावर ह्याचं देऊल बांधायला घेतायत."

"याचं देऊळ?"

"व्हय. सिमेंट प्रविणशेठ फुकट देतोय. म्हनला, देवाचा कोप हाय, त्याला आपन काय करनार! पयला नारल पन तोच वाढवनार हाय."

नाथाने दोन्ही तुकडे पिशवीत घातले आणि चपला पायात सरकवल्या.

"नारल वाढवू दे त्याला. मंग सगल्या गावादेखत इचारतो, शेठ, ह्या देवाला भट्टीतून हितं कोनी आनला?"