कुमुदचं पान

कुमुदच्या वर्षश्राद्धाला अच्युतरावांनी सकाळीच ओट्यावरच्या यंत्राला बजावलं, "आज तिच्या आवडीचं कर."

ते यंत्र कुमुदच्याच हाताखाली शिकलेलं. तिचा हात कसा फिरतो, कुणाच्या पानात काय पडतं, सगळं त्यानं वर्षानुवर्षं पाहिलेलं. ती गेल्यावरही आमटीची चव तसूभरही बदलली नव्हती, त्यामुळे अच्युतरावांना अजून धड रडूही आलं नव्हतं.

दुपारी यंत्रानं तिचं पान वाढून पुढे केलं. पानात कालची पोळी, बुडाला लागलेली खिचडी आणि तळाशी उरलेली आमटी होती.

"हे काय वाढलंस मेल्या?" अच्युतराव कडाडले. "जिचं श्राद्ध, तिलाच शिळंपाकं?"

"बाई रोज हेच घ्यायच्या," यंत्र शांतपणे म्हणालं. "तुमचं जेवण झाल्यावर, इथेच उभ्या उभ्या. म्हणून हेच आवडीचं धरलं."

लेक मृण्मयी दारातच थबकली. "मग बाबा, तुम्ही सांगा ना. आईला काय आवडायचं?"

अच्युतरावांनी तोंड उघडलं. अळूची भाजी, भरीत, पुरणपोळी... एकेक नाव जिभेवर आलं आणि सगळं त्यांच्याच आवडीचं निघालं. गच्चीवर कावळा ओरडत होता.

"गरम पोळी कर," शेवटी ते पुटपुटले. "तव्यावरून थेट तिच्या पानात."

"वर तूप किती घालू?" यंत्रानं विचारलं.

अच्युतराव पानासमोर बसले. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला वाढायला म्हणून त्यांनी एकदाही पळी हातात घेतली नव्हती.