दुसरी साक्ष

जुन्या फोटोखाली नाव लावायचं, तर दोन जिवंत माणसांनी ते खात्रीने सांगायला हवं, असा आमच्या इतिहास मंडळाचा नियम. प्रदर्शनाआधीच्या बैठकीत दंगलीतला फोटो पडद्यावर आला. फुटलेली दुकानं, कांबी घेतलेले पाठमोरे लोक आणि त्यांच्या पायांशी चेंदामेंदा झालेला एक माणूस.

कापडदुकानवाल्या बाई उभ्या राहिल्या. वडिलांचं नाव सांगून म्हणाल्या, "दुकानातून फरपटत नेलं त्यांना. डोकं फुटलं तरी मारतच होते."

"बाई, यात चेहराच उरलेला नाही हो," अध्यक्ष म्हणाले. "दुसरं कुणी सांगणारं आहे का? नाहीतर 'अनोळखी इसम' असंच लिहावं लागेल."

"कशाला जुनी मढी उकरताय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"अनोळखी?" बाईंचा आवाज चिरकला. "भर बाजारात मारलं. एकानेही पाहिलं नाही?"

माझी लेक सासऱ्यांच्या मांडीवर होती. मी हळूच म्हटलं, "बाबा, निघू या. ही घाबरेल."

"आधी हिला घे," म्हणत त्यांनी तिला माझ्याकडे दिलं. मी पिशवी उचलली. ते मात्र दाराकडे न जाता पडद्यापाशी गेले.

"लिहा. बाई सांगतायत तेच नाव आहे."

"चेहरा दिसत नाही, मग तुम्ही कशावरून म्हणता?"

सासरे बाईंकडे वळले. "मारण्याआधी आम्ही त्यांना नाव विचारलं होतं."