पन्नाची खडी

"काका, एक विचारू? तुम्ही स्वतः पन्नाला किती वेळा गेलात?"

हेंद्रेपाड्यातल्या सोसायटीच्या हॉलमध्ये जितेशने मागच्या रांगेतून विचारलं आणि शिवरामकाकांनी हातातल्या कागदावरून नजर उचलली. वीस मिनिटं ते मान वर न करता वाचत होते. मध्य प्रदेशातलं हिऱ्यांच्या खाणींचं जुनं गाव. राजा छत्रसाल, त्याचे गुरू प्राणनाथ. तुझा घोडा रात्रभरात जिथवर फिरेल तिथवरची जमीन हिरे देईल, हा गुरूंचा सांगितला जाणारा आशीर्वाद. मग प्राणनाथांचं मंदिर, जुगलकिशोराचं मंदिर, पांडव धबधबा, वाघांचं जंगल. सगळं बिनचूक, आणि सगळं पुस्तकांतलं.

"एकदाही नाही," काका म्हणाले. "वाचलंय फक्त."

"मग एवढं आम्ही पण गूगल केलं असतं ना!"

हॉल हसला. दाराशी पन्नाची सहल काढणारी बकुळा यादी घेऊन उभी होती. आज वीस नावं झाली नाहीत तर बस रद्द, हे तिने सगळ्यांना सांगितलं होतं. झाली तर माहिती सांगायला शिवरामकाका बरोबर येणार, हे फक्त काकांना. यादीत अठरा नावं होती. चाळीस वर्षं अंबरनाथच्या एका वाचनालयात काकांनी लोकांना प्रवासाची पुस्तकं काढून दिली होती. एक गाव तरी आता डोळ्यांनी बघावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

मागच्या खुर्च्या सरकू लागल्या. काकांनी कागदाची घडी घातली.

"पाच मिनिटं बसा. तिथे हिरा कसा शोधतात ते दाखवतो."

टेबलाखालून त्यांनी बादली ओढली. शिरगावातल्या एका बांधकामावरून मागून आणलेली बारीक खडी, धुऊन गच्चीवर वाळवलेली. चादर अंथरून त्यांनी ती ओतली, पसरली.

"आठ मीटर बाय आठ मीटरचा जमिनीचा पट्टा तिथे कोणीही सरकारकडून भाड्याने घेऊ शकतो. खणायचं, खडी धुवायची, वाळवायची आणि हाताने निवडायची. सापडला तर सरकारी कार्यालयात जमा, मग लिलाव. ह्यात मी एक खडा मिसळलाय. नकली आहे, उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या दुकानातला. सिंधी दुकानदार म्हणाला, 'साईं, असली भी शरमा जाएगा.' शोधा."

"अगं बाई, हे तर तांदूळ निवडल्यागत झालं," म्हणत जनाबाई सगळ्यांच्या आधी खाली बसल्या. सत्तरीची शेतकरीण, तळहाताच्या कडेने खडी ओढायची, बघायची, मागे सारायची. बघता बघता चादरीभोवती माणसं दाटली. जितेशही पँट वर सरकवून बसला.

"चमकला, चमकला!"

"काच हाय ती, जितू. टाक मागं."

"आजी, तुमचा चष्मा कुठेय?"

"तुझ्या नाकावर. नीट बघ!"

अर्धा तास झाला तरी कोणी उठेना. काकांनी चष्मा पुसायला रुमाल काढावा म्हणून खिशात हात घातला, तशी कागदाची पुडी हाताला लागली. दुकानातली पुडी. वाटेत पडायला नको म्हणून खिशात ठेवली होती आणि तशीच राहिली होती.

सगळ्यांच्या माना खाली होत्या. पुडी सोडायची, खडा हळूच चादरीवर टाकायचा. कोणाला कळणारही नव्हतं. काकांची बोटं पुडीवर थांबली. मग त्यांनी हात रिकामाच बाहेर काढला.

"ह्यात काही सापडायचं नाही," ते म्हणाले. आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. "खडा माझ्या खिशात आहे. टाकायचाच राहिला."

"काय काका!" जितेश ताठ झाला. "म्हणजे अर्धा तास आम्ही नुसती खडी चिवडली?"

"पन्नात माणसं आख्खं वर्ष चिवडतात," काका म्हणाले. आता त्यांना कागद लागत नव्हता. "आणि आपल्या पट्ट्यात हिरा आहे की नाही, हे सांगणारं तिथे कोणी नसतं."

जितेश हाताला लागलेली धूळ बघत राहिला. "माझं लिही, बकुळाताई," तो म्हणाला. "ती माणसं बघायचीयेत मला."

"एकोणीस," बकुळा म्हणाली.

जनाबाईंनी मान वर केली नव्हती. त्यांचा तळहात तसाच सरकत होता.

"माझी ही चादरीची कड अर्धी ऱ्हायलीय," त्या म्हणाल्या. "ती होऊ दे, मग लिही माझं."

बकुळा पेन उघडून थांबली. शिवरामकाका गुडघ्यावर हात टेकून हळूहळू खाली बसले आणि त्याच कडेच्या दुसऱ्या टोकापासून खडी निवडू लागले.

खडा खिशातच होता.