बेताने

मधुमेहाच्या पत्रकात आहारतज्ज्ञ बाईंनी ‘बिस्किटे टाळा’ असं लिहिलं होतं. छपाईआधीचा नमुना हातात आला, तर त्यात ‘बिस्किटे बेताने खा’. आणि खाली बाईंचं नाव, पदवीसकट, चांगलं ठळक! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो कागद घेऊन त्या तडक मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या.

तिथे बिस्किट कंपनीचा माणूस आधीच ऐसपैस बसलेला. दवाखान्याची पत्रकं त्याचीच कंपनी फुकट छापून देत होती. ओपीडीतला नवा वजनकाटाही तिनेच दिलेला.

“हा शब्द कोणी बदलला?”

“मॅडम, ‘टाळा’ जरा कडक वाटतं हो,” तो लाडीगोडी लावत म्हणाला. “पेशंट घाबरतो. ‘बेताने’ कसं गोड वाटतं.”

“गोड वाटतं, तिथंच तर घोळ आहे! आमच्याकडे येणाऱ्या एक पेशंट आजी बेतानेच खातात. किती, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, चहाबरोबर एकच पुडा, दुसरा फोडत नाही.”

डॉक्टरांना हसू आलं, ते त्यांनी खोकून दाबलं. “अहो, एका शब्दासाठी कशाला ताणताय? सही करा, विषय संपवा. तुम्हाला कायम करायचा कागद माझ्याच टेबलावर आहे, एवढं लक्षात ठेवा.”

झालं! धमकी द्यायची, तीही इतक्या मऊ आवाजात. बाई सहा वर्षं त्या कागदाची वाट बघत होत्या, घर सगळं त्यांच्या एकटीच्या पगारावर. पण सही करायला हात काही पुढे होईना.

“बरं, शब्द तुमचाच राहू दे,” त्या म्हणाल्या. टेबलावरचं पेन उचलून त्यांनी स्वतःच्या नावावर काट मारली आणि कागद डॉक्टरांपुढे सरकवला. “फक्त खाली नाव तुमचं घाला.”

कंपनीचा माणूस खूश. “वा! हे तर फारच उत्तम. मोठ्या डॉक्टरांचं नाव म्हटल्यावर पेशंट डोळे मिटून...”

“छे छे! माझं नाव नको,” डॉक्टर घाईघाईने म्हणाले.



“का हो, साहेब?” बाईंनी विचारलं, आणि उत्तर ऐकायला खुर्ची ओढून समोर ठाण मांडून बसल्या.