महादेवाचं पाणी

आप्पासाहेबांनी दवाखान्याच्या स्टीलच्या ताटलीत दोन चिठ्ठ्या टाकल्या, ताटली दोनदा हलवली आणि कॉटवर बसलेल्या बायकोपुढं धरली.

“उचल. तू व्रताची बाई. तुझा हात देव खोटा पाडायचा नाय.”

चिठ्ठ्यांवर कुंकवाची बोटं उमटली होती. पहाटे गंगापूरहून निघताना आप्पासाहेबांनी त्या गावच्या महादेवाच्या पिंडीवर ठेवून आणल्या होत्या. एकीत ‘करावं’, दुसरीत ‘करू नये’. पोरीचं लग्न असो की बोअर कुठं घ्यायचा ते असो, घरात कौल असाच निघायचा आणि एकदा निघाला की त्यावर कुणी शब्द काढायचा नाही.

द्वारकाबाईंनी हात पदराखाली घेतला. उशाशी मॉनिटरवर ठोक्यांचा आकडा नाचत होता. एकशे चाळीस, एकशे अठ्ठावन्न, एकशे बावीस. त्या तर नुसत्या बसल्या होत्या.

डॉक्टर सरितांनी काल कागदावर हृदय काढून सगळं समजावलं होतं. गोळ्या झाल्या, दोनदा शॉक देऊन झाला, पण वरच्या कप्प्यातला गोंधळ हटत नाही. आता खांद्याखाली कातडीच्या आत पेसमेकर बसवायचा आणि वरून खाली ठोका नेणारी जागाच जाळून टाकायची. वर काय गोंधळ चालायचा तो चालू दे, खाली पेसमेकर एका लयीत ठोके देत राहील. “पण मावशी, जाळलेली जागा पुन्हा जोडता येत नाही. पुढं जन्मभर त्या यंत्रावरच.” आप्पासाहेबांच्या डोक्यात कालपासून हे एवढंच राहिलं होतं.

“देवानं घातलेला ठोका आपल्याच हातानं जाळायचा,” ते म्हणाले. “आन डबीच्या जिवावर जगायचं. ती डबी बंद पडली तं?”

“तं मी बंद पडंन. आत्ता लई चालू हाये का मी?”

सून श्रेया खिडकीपाशी डाळिंब सोलत होती, तिचे हात थांबले.

“चार महिने झाले,” द्वारकाबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच, देवघरात बोलल्यासारखा. “देवळाच्या बावीस पायऱ्या. मी सातवीवर बसते आन ही माझा तांब्या वर नेती. हिच्या हातचं पाणी पिंडीवर पडतं. मी खालूनच हात जोडते आन घरी येऊन घास खाते.”

“देवाला चालतंय ते.”

“देवाला चालतंय. मला नाय चालत.”

“मग त्यालाच विचार की.” त्यांनी ताटली पुन्हा पुढं केली. आता ती हलवायची गरज नव्हती. हातच थरथरत होता, आणि चिठ्ठ्या ताटलीत आपोआप सरकत होत्या.

द्वारकाबाई त्या हाताकडं बघत राहिल्या.

“चाळीस वर्सं त्याच्या दारात जाते मी. कधी काय मागितलं नाय, कधी काय विचारलं नाय. आन आज तुमाला भ्या वाटलं, म्हणून त्याच्या तोंडून निकाल काढता व्हय? भ्या तुमचं हाये. ते त्याच्या गळ्यात नका बांधू.”

आप्पासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि हातात ताटली असल्यानं ते पुसता येत नव्हतं.

द्वारकाबाईंनी दोन्ही चिठ्ठ्या उचलल्या. उघडल्या नाहीत. उशाशी घरून आणलेला तांब्याचा तांब्या होता, भरलेला. त्यात त्यांनी दोन्ही सोडल्या. कुंकू पाण्यात उतरलं, मागोमाग शाई.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “आता कुणीच काय म्हणलेलं नाय.”

दुपारी डॉक्टर सरिता संमतीचा कागद घेऊन आल्या आणि सवयीनं आप्पासाहेबांकडं वळल्या.

“आधी माझी घ्या,” द्वारकाबाई म्हणाल्या.

तीन अक्षरं झाली आणि त्यांना दम लागला. श्रेया पुढं झाली, तशी त्यांनी मानेनंच नको म्हटलं. टेकून बसल्या, श्वास जमू दिला, मग उरलेलं नाव आडनावासकट पुरं केलं आणि पेन नवऱ्याच्या हातात दिलं.

“तुमची माझ्या खाली.”

आप्पासाहेबांनी चष्मा शोधला, पुसला, पुन्हा पुसला. मग तिच्या बोटाखालच्या रिकाम्या जागेत सही केली.

“आता नीट ऐका, मावशी,” डॉक्टर म्हणाल्या. “पेसमेकर डावीकडं बसेल. महिनाभर डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही.”

द्वारकाबाईंनी तांब्या श्रेयाकडं दिला. “हे पाणी खाली झाडाच्या बुडाशी घाल. आन घरी गेलीस की चिंच लावून घासून ठेव.”

“मावशी, ऐकलंत ना? डावा हात—”

“ऐकलं की. पाणी उजव्या हातानं घालतेत, पोरी.”